‘राहू द्या’ म्हणणारा कारकून: मुका नकार आणि दया असलेल्या जुन्या कथा पहिल्यांदा वाचताय त्यांच्यासाठी

आमच्याकडे रविवारी ‘बार्टलबी’ ही काम नाकारणाऱ्या कारकुनाची कथा वाचायला कोणी नवीन आलं की पहिल्या अर्ध्या तासात दोन प्रश्न ठरलेले. हा माणूस काम का करत नाहीये? आणि मालक चांगला की वाईट? या दोन प्रश्नांमागे लागून लोक कथेतला सगळा माल बाजूला सारतात आणि मग म्हणतात, बोअर आहे यार. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

मी साहित्याचा प्राध्यापक वगैरे नाही हां. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ एका वकिलांच्या ऑफिसात सात वर्षं टायपिंग केलं, आता सातपूरला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. महिन्यातून दोन रविवारी आम्ही सहा-सात जण कॉलेज रोडला एका मित्राच्या गच्चीवर जुन्या कथा घेऊन बसतो, चहा होतो, भांडणं होतात. खाली जे लिहिलंय ते त्या भांडणांतूनच आलंय.

पायरी पहिली: सुरुवात बार्टलबीपासून

या विषयातली अक्षरओळख म्हणजे हर्मन मेलविलची ‘बार्टलबी, द स्क्रिव्हनर’. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाचं ऑफिस, तिथे एक नवीन कारकून लागतो, सुरुवातीला मरमर काम करतो आणि मग हळूहळू एकेक काम करायचं बंद करतो. आरडाओरडा नाही, कारण नाही, मागणी नाही. १८५३ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा दोन अंकांत ‘पटनम्स मंथली’ नावाच्या मासिकात आली, तीही लेखकाच्या नावाशिवाय. त्याच्या दोनच वर्षं आधी मेलविलची ‘मोबी डिक’ ही देवमाशाची जाडजूड कादंबरी येऊन पडली होती आणि फारशी चालली नव्हती.

कथा चौदा-पंधरा हजार शब्दांची आहे, इंग्रजी मूळ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. दोनदा बसा, पहिल्यांदा रविवार सकाळच्या प्रसंगापर्यंत थांबा (वाचताना कळेलच कुठला), बाकीचं दुसऱ्या दिवशी. इंग्रजी जुनं आहे आणि सुरुवातीची चार पानं वकील स्वतःबद्दलच बोलत बसतो, तिथे बरेच जण गळतात. पण ती पानं गाळू नका. आपण किती सेफ माणूस आहोत हे तो तिथे सांगतो, जॉन जेकब अ‍ॅस्टर या बड्या श्रीमंताचं नाव घ्यायला आपल्याला किती आवडतं, ते नाव कसं सोन्यासारखं वाजतं हेही सांगतो, आणि पुढची सगळी गोष्ट याच माणसाच्या तोंडून ऐकायची आहे हे विसरलात तर कथा हातातून गेली म्हणून समजा.

पायरी दुसरी: आधी धंदा समजून घ्या

ही पायरी पुस्तकी लोक टाळतात आणि मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्क्रिव्हनर म्हणजे नक्कलनवीस. तेव्हा झेरॉक्स नाही, दस्ताच्या चार प्रती हव्या असल्या तर चारदा हाताने लिहायच्या, शंभर शब्दांना चार सेंट. आणि नक्कल लिहून झाली की काम संपत नाही, रुजुवात करावी लागते. आपल्याकडे कोर्टातून किंवा भूमी अभिलेखमधून नक्कल काढली असेल तर खालचा शिक्का आठवा, नक्कल करणार, रुजुवात करणार, आणि पुढे सह्या. म्हणजे एकाने अस्सल वाचायचं, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून जायचं, ओळ न ओळ. मी हे काम केलंय. जमिनीच्या खातेफोडीचा बावीस पानी दस्त दुपारी तीन वाजता, डोक्यावर पत्रा, आणि समोरचा माणूस एकसुरात चतुःसीमा वाचतोय. झोप येते, मग राग येतो, मग काहीच येत नाही.

बार्टलबी पहिल्यांदा नाही म्हणतो ते नेमकं रुजुवातीला. कामाला लागून तिसराच दिवस. वकील टेबलावरून न बघताच कागद पुढे धरून हाक मारतो, आणि पडद्यामागून मऊ आवाजात उत्तर येतं.

पडदाही लक्षात ठेवा. वकिलाने स्वतःच्या सोयीसाठी त्याला एका उंच हिरव्या पडद्यामागे बसवलंय, आवाज पोचला पाहिजे पण तोंड दिसायला नको. शेजारी खिडकी आहे, पण खिडकीबाहेर तीन फुटांवर भिंत. ऑफिसात बाकी दोन कारकून आहेत, टर्की आणि निपर्स, एक दुपारपर्यंत ठीक असतो आणि दुसरा दुपारनंतर, आणि आठवड्याला एक डॉलरवर राबणारा बारा वर्षांचा एक पोऱ्या. या तिघांवर हसा, हसायलाच आहेत. पण वकील त्यांचे नखरे कसे चालवून घेतो ते बघून ठेवा, कारण ते नखरे कामाच्या आड येत नाहीत.

पायरी तिसरी: त्याचं वाक्य तुमच्या मराठीत म्हणून बघा

बार्टलबीचं एकच वाक्य जगभर गाजलंय, आय वुड प्रेफर नॉट टू. शब्दशः करायला गेलात तर ‘मी न करणे पसंत करीन’ असं काहीतरी निघतं जे कुठल्याच मराठी माणसाने आजवर कुठल्याच साहेबाला म्हटलेलं नाही. आमच्या गच्चीवर यावर दीड तास गेला. ‘नाही करणार’ म्हटलं की भांडण सुरू, साहेबाला ते बरंच, मेमो देता येतो. ‘जमणार नाही’ म्हटलं की कुवत नाही असा अर्थ, आणि त्याची कुवत तर आहे. ‘नको वाटतं’ जवळ जातं, पण त्यात थोडा आळस येतो.

माझं मत ‘राहू द्या’. म्हणजे नकार आहे पण कर्त्याचा पत्ता नाही, आवाज खाली आहे, आणि समोरच्याला पुढे काय बोलावं कळत नाही.

हे मला सुचलं ते एका माणसामुळे. आमच्या त्या ऑफिसात टायपिस्ट काका होते, माझ्या आधी वीस-बावीस वर्षांपासून. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी सांगितलं, काका, आता यावर शिकून घ्या. काका म्हणाले, राहू द्या साहेब. बस. चिडले नाहीत, कारण दिलं नाही. आठ दिवसांनी परत विचारलं, परत राहू द्या. साहेब माणूस वाईट नव्हते, उलट दोन-तीनदा मला म्हणाले की काकांना दुखवायचं नाही. महिन्याभराने काकांचं टेबल पॅसेजमधे पाण्याच्या जारशेजारी गेलं, आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. मी चोवीस वर्षांचा होतो, खूश होतो.

एक गंमत वाचताना पकडा. बार्टलबीचा तो ‘प्रेफर’ शब्द हळूहळू सगळ्या ऑफिसच्या तोंडी बसतो, टर्की वापरतो, निपर्स वापरतो, वकीलही वापरतो आणि स्वतःच दचकतो. आमच्या ऑफिसातही ज्युनिअर पोरं काकांची नक्कल करत राहू द्या राहू द्या म्हणायची. तेव्हा मस्करी वाटायची.

पायरी चौथी: खतावणी घाला

आता कामाची गोष्ट. एक वही घ्या, मधे रेघ मारा. डावीकडे लिहा, वकिलाने काय दिलं. उजवीकडे लिहा, त्याला ते केवढ्याला पडलं. अकाउंट्सवाला आहे म्हणून सांगत नाहीये, कथेतला वकील स्वतःच सारखा हिशोब करतोय, आपण फक्त तो कागदावर उतरवायचा.

पहिली नोंद. सुरुवातीचे नकार पचवल्यावर तो मनाशी म्हणतो की या बिचाऱ्याला सांभाळून घेतलं तर आपल्याला खर्च जवळपास शून्य आणि मनाला मात्र गोड समाधान, तेही स्वस्तात. हे मी रंगवून सांगत नाहीये, तो साफ खरेदीचीच भाषा वापरतो. बऱ्याच वाचकांना इथे वकिलाचा राग येतो. येऊ द्या, पण शिवरात्रीला सिग्नलवर केळी वाटून फोटो काढणारे आपणच.

दुसरी नोंद, तो रविवार. वकील चर्चला निघालेला असतो, वेळ आहे म्हणून ऑफिसात डोकावतो, तर आतून बार्टलबी. तो तिथेच राहतोय. टेबलाखाली गुंडाळलेली घोंगडी, साबण आणि फाटका टॉवेल घातलेलं पत्र्याचं भांडं, पेपरात बिस्किटांचा चुरा आणि चीजचा तुकडा, टेबलाच्या खणात रुमालाला गाठ मारून ठेवलेली पुंजी. हा परिच्छेद हळू वाचा, दोनदा वाचा. वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा खरं पोटात तुटतं. आणि मग पुढच्या काही ओळींत बघा काय होतं, त्याच कळवळ्याची भीती होते आणि दयेची किळस. कारणही तो देतो, की दुःख एका मर्यादेपलीकडे गेलं आणि आपल्याच्याने दूर होणार नाही हे कळलं की माणूस त्या दुःखापासून लांब पळतो. त्या दिवशी तो चर्चला जात नाही. उजव्या रकान्यात लिहा, एक प्रार्थना बुडाली.

तिसरी नोंद, बत्तीस डॉलर. बारा पगाराचे आणि वीस वरचे, सहा दिवसांत जागा सोड. रात्री घरी जाताना वकील स्वतःवर भलताच खूश, काय सफाईने काढलं माणसाला, आवाज न चढवता. सकाळी येऊन दार ढकलतो तर आतून आवाज, आत्ता नाही, मी कामात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे खदखदून हसलो होतो आणि मग काकांचं टेबल आठवलं.

चौथी नोंद सगळ्यात जपून करा, कारण ती बरेच जण नजरचुकीने गाळतात. वकील शेवटी त्याला सोडतो ते बार्टलबीने काही नवीन केलं म्हणून नाही. ऑफिसात येणारे-जाणारे वकील कुजबुजायला लागतात, हा कोण, असा का उभा असतो, म्हणून. लोक काय म्हणतील! त्याला हाकलायचं धाडस नाही, तर हा पठ्ठ्या स्वतःचं ऑफिसच हलवतो. सामान गेलं, पडदा सगळ्यात शेवटी उचलला, आणि मोकळ्या खोलीत बार्टलबी तसाच उभा.

पुढच्या नोंदी तुम्ही स्वतः घाला, त्यात एक अशी आहे जिथे वकील त्याला चक्क म्हणतो माझ्या घरी चल, ऑफिसात नाही, घरी. ती वाचल्यावर वकिलाला एकदम मोडीत काढता येत नाही. मला तरी येत नाही. आमच्यापैकी किती जणांनी पॅसेजमधल्या माणसाला घरी चल म्हटलं?

खतावणी पूर्ण झाली की डावीकडचा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. पैसे, दुसऱ्या नोकऱ्या, घर, तुरुंगात स्पेशल जेवण. आता शोधा, यातलं बार्टलबीने काय मागितलं होतं? त्याने मागितलेली गोष्ट एकच आहे, मला इथे एकटं असू द्या. तेवढी सोडून वकिलाने सगळं दिलंय.

पायरी पाचवी: लगेच सत्याग्रह म्हणू नका

नाशिकमधे ही कथा वाचली की हमखास कोणीतरी म्हणतं, अरे हा तर काळाराम मंदिराचा सत्याग्रह. मोह होतो, मान्य. त्यात कथेतच वकील एके ठिकाणी म्हणतो की तळमळीच्या माणसाला निष्क्रिय प्रतिकाराइतकं (पॅसिव्ह रेझिस्टन्स) दुसरं काही चिडवत नाही, म्हणजे १८५३ मधे हा शब्द छापून आलाय. पण फरक नीट करा.

२ मार्च १९३० ला पंचवटीत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दांडीयात्रा निघायच्या दहा दिवस आधी. इथलं सगळं उभं करणारे दादासाहेब गायकवाड. मागणी जाहीर होती, आम्हाला देवळात जाऊ द्या. पत्ता होता, तारीख होती, मागे हजारो माणसं होती, आणि दरवाजे बंद करून बसले होते ते आतले. पुढे काही वर्षं हे चाललं. एकदा संध्याकाळी गर्दी कमी असताना त्या दरवाजासमोर पाच मिनिटं उभे राहा, बार्टलबीपेक्षा वेगळं काय ते मी सांगण्यापेक्षा लवकर कळेल. तिथे बसलेल्या माणसाला माहिती होतं आपल्याला काय हवंय, आणि शेजारी बसलेल्यालाही तेच हवं होतं. बार्टलबीच्या शेजारी कोणी नाही. टर्की आणि निपर्स तर मालकाच्या बाजूने, एकजण त्याला ठोसे लगावायला तयार.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आधी इंग्रजी शब्द ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’च वापरला होता, मग सोडला, कारण त्यातून दुबळ्याचं हत्यार असा अर्थ निघायचा, आणि म्हणून सत्याग्रह हा नवा शब्द घडवला. तेव्हा बार्टलबीला काय म्हणायचं? माझ्याकडे शब्द नाही. मुका नकार म्हणतो मी, काम भागतं. सुरुवातीला एवढंच करा, त्याला हीरो करू नका आणि पेशंटही करू नका. आमच्यातला एकजण दर वेळी डिप्रेशन डिप्रेशन म्हणतो, असेल, पण ते म्हटल्यावर त्याची पुढची पानं वाचायची भूक संपते हे मी बघितलंय.

पायरी सहावी: मग बाजू बदला

बार्टलबी मालकाच्या तोंडून आहे, म्हणून लगेच दुसरी अशी कथा घ्या जी खालून सांगितलीय. त्यासाठी लांब जायची गरज नाही. बाबूराव बागूल आपल्या नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. १९६३ चा त्यांचा संग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घ्या आणि त्याच नावाची कथा वाचा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवून राहतोय, आणि समोरचे त्याला आपला समजून जो मान देतायत तो मान कुठल्या अटीवर आहे हे त्याला पक्कं माहितीये. इथे खतावणी उलटी घाला, मिळालेल्या दयेची किंमत घेणाऱ्याने काय मोजली. हात थरथरतो लिहिताना.

मग ‘श्यामची आई’. हसू नका. शाळेत रडवलं म्हणून आपण ते पुस्तक बंद करून ठेवलंय, पण साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत इथे नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून काढलं, आणि त्यातला म्हाताऱ्या महारणीच्या मोळीचा प्रसंग आज वाचा. मोळी खाली पडलीय, कोणी हात लावत नाही, आई श्यामला सांगते जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. दया आणि अंघोळ एकाच दमात! त्या काळात त्या बाईने केवढी रेघ ओलांडली ते खरं, आणि कुठे थांबली तेही खरं. दोन्ही दिसले पाहिजेत, एकच दिसत असेल तर परत वाचा. तेच गुरुजी पुढे १९४७ मधे पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले.

वेळ उरला तर गोगोलचा ‘ओव्हरकोट’, १८४२ चा, तोही नकला करणाराच कारकून, फक्त याचं नकलांवर प्रेम आहे. बार्टलबीच्या आधी वाचू नका, तो कोट चोरीला जातो तेव्हा एवढं वाईट वाटतं की नंतर बार्टलबी कोरडा वाटायला लागतो.

पुस्तकं मिळायला सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, आहेच, १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात असताना पीडीएफ शोधत बसू नये असं माझं मत. काउंटरवर बागूल मागा, आणि मिळालं नाही तर मागणी लिहून ठेवा.

पायरी सातवी: शेवटचं पान वेगळ्या दिवशी

जागा न सोडल्यामुळे बार्टलबी शेवटी तुरुंगात जातो आणि तिथे भिंतीच्या पायथ्याशी गुडघे पोटाशी घेऊन मरतो, डोळे उघडे. तिथे थांबा, उठा, शेवटचं पान उद्या. कारण त्यात वकील एक ऐकीव बातमी सांगतो, की हा आधी वॉशिंग्टनला बेवारस पत्रांच्या ऑफिसात कारकून होता, सरकार बदललं तशी नोकरी गेली. ज्यांचा पत्ता लागत नाही अशी पत्रं, कुणाची अंगठी, कुणासाठी घाईने पाठवलेली नोट, आणि ज्याला पाठवली तो आता भुकेला राहिलेलाच नाही. गाड्या भरभरून जाळायचे म्हणे.

आमच्यातल्या एक काकू नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झाल्यात, पोस्टाची तिकिटं छापतात तीच प्रेस. हे पान वाचल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, तिकीट लावलेलं जाळायचं म्हणजे काय रे. बाकी सगळे त्या बातमीवर तुटून पडले होते, खरी की खोटी, वकिलाने स्वतःच्या समाधानासाठी चिकटवली का, आणि मी तावातावाने म्हणत होतो की हो, चिकटवलीच, कारण एकदा कारण सापडलं की माणूस सुटतो. काकूंच्या वाक्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पायरी आठवी, मर्जी असेल तर

त्याच वहीच्या मागच्या पानावर परत मधे रेघ मारा आणि तुमच्या ओळखीचा एक राहू द्या म्हणणारा माणूस घ्या. ऑफिसातला, घरातला, बिल्डिंगचा वॉचमन, कोणीही. कुणाला दाखवायचं नाही, ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही.

माझ्या पानावर काका आहेत. पॅसेजमधे गेल्यावर ते अजून दोन-तीन महिने येत राहिले, मशीनवरचं कव्हर काढायचे नाहीत, पण साडेदहाला हजर. मग एका सोमवारी आले नाहीत, आणि कोणी फोन केला नाही, मीही नाही. डाव्या रकान्यात माझी एकच नोंद आहे, एक कटिंग चहा, आणि उजवीकडे पैसे लिहायला गेलो तेव्हा आठवलं की तोही ऑफिसच्या खात्यावर होता.